आत माया आहे का, ते बघा

दसरा-दिवाळी तोंडावर आली की या सदराकडे कपड्यांची पत्रं येतात. एरवी प्रश्न असतात ते गळ्याचे, बाह्यांचे, पैठणीच्या ब्लाऊजला अस्तर कुठलं लावू असे. या वेळी पाच पत्रं वेगळी निघाली. कपडा कुणी शिवला, कुठं रंगला, जुना झाल्यावर त्याचं काय करायचं, असं विचारणारी. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत 31 वर्षं शिवणवर्ग चालवताना हे प्रश्न कुणीतरी विचारावेत असं मला फार वाटायचं. म्हणून या महिन्याची सगळी जागा त्यांनाच देते.

बाई, मी 25 वर्षांची. राजारामपुरीत एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, पगार 18 हजार. मोबाईलवर सेल लागला की हात थांबत नाही. महिन्याला तीन-चार टॉप येतात, 399 चे, 449 चे. दोन धुण्यांत कापडावर गोळे येतात नाहीतर शिवण उसवते. एवढ्या स्वस्तात शिवणाऱ्या बाईला काय मिळत असेल, हे मनात येतं आणि वाईट वाटतं. पण 'चांगल्या' ब्रँडचा कुर्ता तीन हजारांना. चांगुलपणा आम्हाला परवडणारच नाही का?
– एक वाचक, राजारामपुरी

परवडतो. आणि त्यासाठी तीन हजारांच्या कुर्त्यापर्यंत जायची गरज नाही.

आधी एक काम कर. शेवटचा आलेला टॉप कपाटातून काढ, उलटा कर आणि काखेखालची शिवण दोन बोटांत धर. टिपेच्या बाहेर किती कापड उरलंय ते बघ. अर्धा इंचसुद्धा नसेल. इंटरलॉकचे दोरे आणि लगेच टीप. या उरलेल्या कापडाला आम्ही शिवणारी माणसं माया म्हणतो. वर्गात नवी मुलगी आली की कात्री हातात देण्याआधी मी तिला हा शब्द शिकवते. ब्लाऊजच्या बाजूला दीड इंच माया, कुर्त्याला इंचभर, लहान मुलीच्या फ्रॉकला खाली चार बोटं दुमड. बाईचं अंग जन्मभर एका मापाचं राहत नाही. बाळंतपण होतं, आजारपण येतं, वय होतं. माया असली तर जुनी टीप उसवायची, नवी घालायची, दहा मिनिटांचं काम. नसली तर कापड धडधाकट असूनही कपडा बाद.

गेल्या मे महिन्यात एक मुलगी तिच्या आजीचा खणाचा ब्लाऊज घेऊन आली. तिला तो लग्नाच्या हळदीला घालायचा होता. बाहेरून खण विटून विटकरी झालेला. मी बाजूची शिवण उसवली आणि माया उघडली, तर आतलं कापड अजून डाळिंबी होतं, दुकानातून आणल्यासारखं. त्या दोन बोटांच्या पट्टीवर जुन्या टिपांच्या तीन ओळी होत्या. दोरा गेलेला, सुईची भोकं राहिलेली. आजी तीन वेळा बदलली आणि तीनही वेळा ब्लाऊज तिच्यासोबत गेला. चौथी टीप नातीच्या मापाची मी घातली. त्या खणाला त्या काळी किती पैसे पडले असतील ते असोत, तो महाग नक्कीच नव्हता.

आता शिवणाऱ्या बाईबद्दल. माझ्याकडे शिकलेल्या काही मुली तयार कपड्यांच्या कारखान्यांत गेल्या. त्यांतली एक गणपतीत घरी आली होती. म्हणाली, "बाई, वरीस झालं नुसती कॉलर लावतोय ओ. आख्खा शर्ट शिवायचा इसरलो मी." तासाला ठरलेले नग निघाले पाहिजेत, नाही निघाले तर सगळ्यांदेखत ओरडा. तिथं शिवणीला एक सेंटीमीटर कापड सोडतात, कारण हजारो नगांमध्ये तेवढंच वाचलेलं कापड म्हणजे मोठा पैसा. म्हणजे तुझ्या 399 च्या टॉपमध्ये दोन ठिकाणी कात्री लागलेली असते. एकदा त्या मुलीच्या श्वास घेण्याच्या वेळेवर आणि एकदा तुझ्या मायेवर.

पण महाग लेबल म्हणजे चांगली मजुरी, असंही धरून चालू नकोस. 24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर गावात राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशीच तिला तडे गेलेले दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावलं. 1100 हून जास्त माणसं गेली, त्यांत बाया जास्त. जगातल्या नावाजलेल्या ब्रँडचे कपडे तिथं शिवले जात होते. वर्गात हे सांगते तेव्हा मशीनवरचे पाय थांबतात.

म्हणून माझं सांगणं असं, की शिवणाऱ्याचा चेहरा जितका जवळ आणता येईल तितका आण. कोल्हापुरात हे अजून सोपं आहे. महाद्वार रोडला किंवा लक्ष्मीपुरीत चांगलं सुती कापड 180-200 रुपये मीटरने मिळतं. गांधीनगरला गेलीस तर त्याहून कमी. कुर्त्याला अडीच मीटर धर, 450 ते 500 रुपये. आपल्या पेठेतल्या शिंप्याची किंवा शेजारच्या शिवणाऱ्या काकूंची शिलाई 300-350. झाले साधारण 800. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मग शिवायला टाक, नाहीतर आटेल. आणि टाकताना स्पष्ट सांग, "बाजूला इंचभर माया ठेवा, खाली तीन बोटं दुमड." हा कुर्ता आठवड्यातून एकदा घातलास तर दोन वर्षांत शंभर वेळा अंगावर येईल, म्हणजे एका वेळेला आठ रुपये. तुझा 399 चा टॉप चार वेळा घालून पोतेऱ्याला गेला असेल तर एका वेळेला शंभर. श्रीमंती कुठल्या कपड्यात झाली, तूच मोज.

यात एक गोष्ट मला मनापासून खुपते, ती सांगून टाकते. मॉलमध्ये छापील किंमत आपण मुकाट देतो आणि गल्लीतल्या शिंप्याला म्हणतो, "वीस रुपये कमी करा की." दिवाळीत त्याच्याकडून रात्री दोन-दोनपर्यंत काम करून घेतो आणि पैसे तुळशीच्या लग्नाला देतो. ज्यांना दूरच्या कारखान्यातल्या मजुरीची काळजी वाटते त्यांनी आधी हा हिशेब चुकता करावा. कापड महिनाभर आधी टाकावं, शिलाई ठरेल ती द्यावी, कपडा हातात आला की त्याच दिवशी द्यावी.

तयार कपडा घ्यायचाच असेल तर दुकानात उलटा करून बघ. शिवण दोन्ही हातांनी हलकी ताण; दोऱ्यांच्या मधून उजेड दिसला तर ठेवून दे. इंचाला दहा-बारा टाके असले तर शिवण टिकते. आतल्या पट्टीला जादा बटण शिवलंय का ते बघ. जो बनवणारा जादा बटण देतो त्याच्या मनात निदान कपडा टिकण्याचा विचार आलेला असतो.

घरातले सगळे स्वस्त टॉप मात्र आता फेकायला काढू नकोस. त्यांत कुणाचे तरी कष्ट गेलेत, कापूस गेलाय, पाणी गेलंय. एका सुती टीशर्टामागे, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, सुमारे 2700 लिटर पाण्याचा अंदाज सांगितला जातो. उसवलेल्या शिवणी घालून घे, बिनधास्त घाल, पार विरेपर्यंत.

ताई, मी इचलकरंजीचा खर्चीवाला. आठ साधे लूम आहेत. व्यापारी सूत देतो, आम्ही मीटरवर विणून देतो. सगळीकडे वाचतो, हातमागाचं घ्या, खादी घ्या, पर्यावरण वाचवा. मग आमचं कापड पापाचं का? आमच्या घरात चार पिढ्या सुताची कांडी भरतायत.
– एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझे वडील शाहू मिलच्या सूतखात्यात होते. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली ती मिल काढली, ती आपल्या मुलखातल्या माणसाला काम मिळावं म्हणून. भोंगा झाला की आमच्या गल्लीतली घड्याळं लागायची. वडील घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापूस असायचा. आई आधी अंगणात त्यांचं डोकं झाडायची, मग ताट वाढायची. मशीनवर निघालेल्या कापडाला मी पापाचं कशी म्हणेन?

तुमच्या गावाचा इतिहास तर अभिमानाने सांगावा असा आहे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार घोरपडे सरकारांनी पाठबळ दिलं, आणि जिथं मोठी मिल नव्हती त्या गावात घराघरांतून कापड निघायला लागलं. धोतर, पॉपलीन, केंब्रिक. माझ्या वर्गात मुली शिवायला शिकल्या त्या तुमच्याच पॉपलिनवर. सुताला सरळ, कात्रीला गुणी, धुतल्यावर मऊ. परकराला आणि अस्तराला त्याच्यासारखं कापड नाही.

तेव्हा वाचकांना मी एवढंच सांगते: हातमाग जरूर घ्या, पण रोजचे कपडे, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे यासाठी आपल्या जिल्ह्यात विणलेलं सुती कापड घ्यायला अजिबात कचरू नका. दूर देशातून आलेल्या पॉलिस्टरपेक्षा ते मला केव्हाही बरं वाटतं. पॉलिस्टर खनिज तेलापासून होतं. प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात आणि कुजत नाहीत.

पण दादा, तीन गोष्टी तुम्हालाही ऐकाव्या लागतील.

पहिली, यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून विकू नये. तुम्ही विकत नसाल, पण तुमच्या पुढचा व्यापारी विकतो हे तुम्हालाही ठाऊक आहे. काही प्रकारचं कापड फक्त हातमागावर विणावं, असा कायदा 1985 पासून आहे. इरकली लुगड्याचंच घ्या. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, लागतो आणि अंगाच्या ताण्याला एकेक फासा घालून जोडतात, त्याला टोप पदर म्हणतात. विणकराचं अर्धं कुटुंब त्या जोडकामाला बसतं. तशीच दिसणारी यंत्रावरची साडी शेजारी ठेवून अर्ध्या किमतीत 'हातमाग' म्हणून विकली, की त्या माणसाच्या ताटातली भाकरी उचलली. यंत्रमागाचं म्हणून विका, मी स्वतः घेईन.

दुसरी, कामगार. तुमच्याकडे मजुरी पिकावर, म्हणजे इंचातल्या आडव्या धाग्यांवर, ठरते, 52 पिकाला मीटरमागे इतके पैसे. त्यासाठी बारा-बारा तासांच्या पाळ्या, कान किट्ट करणारा खडखडाट, नाकात कापसाची धूळ. कांडी भरणाऱ्या बाया आणि मेंडिंगला, म्हणजे कापडातले दोष काढायला, बसणाऱ्या पोरी तर कुणाच्या मोजणीतच येत नाहीत. खर्चीवाला स्वतः व्यापाऱ्याच्या दरात पिचलेला असतो, हे मला माहीत आहे. म्हणूनच मीटरमागे चार-सहा रुपये जास्त द्यावे लागले तर द्या, पण ते विणणाऱ्यापर्यंत पोचतात का तेही विचारा, असं मी गिऱ्हाईकाला सांगते.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती सगळ्यांत जड. पाणी तुमच्या लूमवर खराब होत नाही, पुढे प्रोसेसला होतं. कापडाला रंग देताना सगळा रंग कापड धरत नाही. उरलेला रंग, मीठ, रसायनं धुण्याच्या पाण्यात उतरतात. ते पाणी नीट साफ न करता सोडलं की पंचगंगेत जातं. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच आपण पेपरात कितीदा पाहिला! कोल्हापूर शहराचं सांडपाणीही त्याच नदीत जातं, साखर कारखान्यांचंही जातं, एकट्या इचलकरंजीला धरून बडवण्यात अर्थ नाही. पण कापड रंगवणाऱ्या गावाला उशाशी नदी असून प्यायला कृष्णेतून पाणी आणावं लागतं, यापेक्षा मोठी शिक्षा कुठली?

गिऱ्हाईकाला दुकानात उभं राहून कापड कुठं रंगलं ते कळत नाही. एक चाचणी मात्र करता येते. पांढरा रुमाल ओला करा आणि कापडाच्या आतल्या बाजूला जोरात घासा. रुमालाला गडद रंग लागला तर रंग नीट बसवलेला नाही. जो रंग रुमालाला लागला तो कारखान्यात पाण्यालाही लागलाय आणि आता तुमच्या न्हाणीतून पुन्हा नदीला जाणार आहे. ते कापड परत करा आणि का परत करताय ते दुकानदाराला सांगा. दहा गिऱ्हाइकांनी सांगितलं की तो व्यापाऱ्याला सांगतो. व्यापाऱ्याची भाषा प्रोसेसवाल्याला लगेच कळते.

कपड्यांच्या टॅगवर ऑरगॅनिक, इको, नॅचरल, बांबू, काहीही लिहिलेलं असतं. खरं काय, कसं ओळखावं?
– दोन मुलांची आई, नागाळा पार्क

नुसतं इको, ग्रीन, नॅचरल लिहिलं असेल तर ते शब्द वाचून सोडून द्या. त्यामागे तपासणी झालेलीच असते असं नाही. बांबूच्या कपड्याचं बहुतेक वेळा असं असतं, की बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यातून व्हिस्कोस काढलेलं असतं. अंगाला मऊ लागतं खरं, पण बांबूच्या बेटातून थेट तुमच्या बाळाच्या अंगावर आलं, असं काही नसतं.

ज्यांना अर्थ आहे अशी थोडी चिन्हं लक्षात ठेवा. जीओटीएस हे सेंद्रिय कापडाचं. टॅगवर 'ऑरगॅनिक' म्हणायचं तर 95 टक्के धागा सेंद्रिय लागतो, 'सेंद्रिय धागा वापरून केलेलं' म्हणायचं तर निदान 70 टक्के. रंगकाम आणि कामगारांची परिस्थितीही त्यात तपासतात. खरं असेल तर टॅगवर परवाना क्रमांक असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर घालून बघता येतो. ओएको-टेक्स स्टँडर्ड 100 म्हणजे कापडात अपायकारक रसायनं आहेत का याची चाचणी. लहान मुलांच्या कपड्यांना ते बघणं चांगलं, पण मजुरीबद्दल ते काही सांगत नाही. हातमागासाठी आपल्याकडे 2006 पासून हँडलूम मार्क आहे. आणि खादी म्हणजे सूतही हातानं कातलेलं आणि कापडही हातानं विणलेलं; दोन्ही नसेल तर नुसत्या खडबडीत कापडाला खादी म्हणू नये.

घरी करायची परीक्षा म्हणाल तर आतल्या मायेतून दोन-चार धागे ओढा, चिमट्यात धरा आणि मोरीत उभं राहून काडी लावा. मुलं जवळ नकोत. सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि शेवटी काळा कडक मणी उरतो. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. व्हिस्कोस मात्र सुतासारखंच जळतं, तिथं या परीक्षेचा उपयोग नाही. परवा वर्गात एकीनं 'प्युअर कॉटन' म्हणून घेतलेल्या ओढणीचा धागा जाळला आणि चिमट्याच्या टोकाला मणी चिकटून राहिला. ती तशीच दुकानात गेली, मणी दाखवला आणि पैसे परत घेऊन आली.

पहिलटकरीण आहे. जावेच्या मुलाचे कपडे चांगले आहेत, ते वापरायचे ठरवलंय. पण आई म्हणते, पहिल्या बाळाला दुसऱ्याचे जुने घालू नयेत. काय करू?
– गारगोटी

आईंना एवढंच विचार, की मी जन्मले तेव्हा मला पहिल्यांदा कशात गुंडाळलं होतं? बहुतेक घरांत उत्तर एकच येईल: आजीच्या जुन्या लुगड्यात. बाळाचं पहिलं झबलं, पहिलं दुपटं जुन्या सुती कापडाचं करायची आपली रीतच आहे. शेकडो धुण्यांनी खळ गेलेली असते, रंग सुटायचा तेवढा सुटलेला असतो, कापड फुलासारखं झालेलं असतं. नव्या कडक कापडानं बाळाच्या कातडीवर पुरळ उठतं, म्हणून जाणत्या बायकांनी हे ठरवलं. जावेचे कपडे गरम पाण्यातून काढ, कडक उन्हात वाळव आणि खुशाल घाल. तटतटलेल्या इलास्टिकचे तेवढे बाजूला काढ. आणि बाळ मोठं झालं की जावेच्या धाकट्याला परत दे.

तीन कपाटं भरून कपडे आहेत. दिवाळीच्या सफाईत दान करायचे म्हणते. कुठं द्यावेत म्हणजे खरोखर उपयोगी पडतील?
– जयसिंगपूर

ताई, तुम्ही जयसिंगपूरच्या, तेव्हा 2019 चा ऑगस्ट तुम्हाला सांगायला नको. कृष्णा-पंचगंगेनं शिरोळ तालुका पाण्याखाली घेतला, हायवे बंद पडला, आणि पाणी ओसरल्यावर मदतीचे ट्रक सुरू झाले. माझ्या वर्गातल्या नऊ मुलींना घेऊन मी शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत आलेल्या कपड्यांची गाठोडी उघडून निवडायला गेले होते. चार दिवस आम्ही तेच केलं.

काय काय निघालं त्यातून! एकेकटे पायमोजे. जरीचा शेरवानी कोट. हूक नसलेले ब्लाऊज. चेन तुटलेल्या पँटी. घामाचे डाग तसेच असलेले बनियन. पाठवणाऱ्यांची मनं चांगली होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण जिथं दोन वर्गखोल्यांत तीस बायका दाटीवाटीनं राहत होत्या तिथं शेरवानीचं काय करायचं? शेवटी वर्गाच्या एका भिंतीला खिडकीएवढा ढीग उरला, वरून पावसाची ओल लागली आणि त्याला वास यायला लागला. पुरातून वाचलेल्या माणसांना आमचा कचरा उचलत बसावं लागलं. तो ढीग अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तिसऱ्या दिवशी एक वयस्क बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. लाजत लाजत म्हणाल्या, "साड्या हायत्या बाई, पर परकराला नाडीच न्हाई. नेसू कशी?" आम्ही बघितलं, तर आलेल्या परकरांतल्या निम्म्याहून जास्त परकरांना नाडी नव्हती. देताना लोकांनी ती काढून घेतलेली किंवा तुटलेली तशीच पाठवलेली. मग एका फाटक्या चादरीच्या लांब पट्ट्या फाडल्या, मुलींनी त्या दुमडून हातशिवणीनं शिवल्या आणि संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर परकरांना नाड्या ओवल्या. चार दिवसांत सगळ्यांत उपयोगी पडलेलं आमचं काम ते.

तुमच्या कपाटांचं आता बघू. सगळं बाहेर काढा आणि आधी जे दुरुस्त करून स्वतः घालता येईल ते वेगळं ठेवा. माझा अनुभव सांगते, यातच एक कपाट भरेल. मग उरलेल्यांतले धडधाकट कपडे. त्यांना संस्था शोधत बसण्याआधी आसपास विचारा: घरकामाला येणारी ताई, ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या बायका, गल्लीतली कॉलेजची मुलगी. 'घेऊन जा' म्हणू नका, 'बघ, काय लागतंय का' म्हणा आणि नको म्हणायची मोकळीक द्या. ऊसतोडीच्या बायका उसाच्या धारदार पाल्यात काम करतात, त्यांना साडीवर घालायला पुरुषांचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट लागतात. हे मी त्यांना विचारलं तेव्हा कळलं. मी तोवर त्यांना फ्रॉक आणि कुर्तेच देत होते. पूर्वी बोहारीण दारात यायची, पातेल्याच्या बदल्यात जुन्या साड्या न्यायची, त्या धुऊन-शिवून पुढं विकायची. आता दारात कुणी दिसत नाही. तुमच्याकडे येत असेल तर तिला परत पाठवू नका, कुठला कपडा अजून चालेल हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही.

विरलेल्या सुती साड्या कुणालाही देऊ नका. त्यांची वाकळ शिवून घ्या. आपल्या गावाकडच्या बायका अजून शिवतात. चार-पाच साड्यांचे थर, कडेनं सुरू करून आत आत जाणारे धावदोऱ्याचे टाके, मध्यभागी येऊन मिटणारे. एका वाकळेला महिना लागतो, तेव्हा त्या महिन्याची मजुरी होईल इतके पैसे द्या. पॉलिस्टरच्या साड्यांची वाकळ मात्र नको. उन्हाळ्यात घाम शोषत नाही आणि टाका घसरतो.

द्यायचा प्रत्येक कपडा धुवा, वाळवा, हूक-बटणं बघा. पँटीची चेन ओढून बघा. जोडीच्या वस्तू एकत्र बांधा. गाठोड्यावर चिठ्ठी लावा: 'बाई, मध्यम माप, 6 कुर्ते' असं. आतले कपडे आणि टॉवेल द्यायचे तर नवेच द्या. आणि परकर देणार असाल तर नाडी ओवून द्या.